सत्तावन्न मीटरांत १०४ तोफा

२६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर मारा सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, सुमारे अठरा तास, तो चालला. आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूला अठरा-वीस हजारांची फौज आणि ३६ तोफा होत्या. टेकड्यांवर इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सजवळ तेराशे-चौदाशे माणसं. लढाई संपली तेव्हा इंग्रजांकडचे ३६७ जण मेले किंवा जखमी झाले होते, चारांतला एक. नागपूरच्या इतिहासातला तो सर्वांत भीषण दिवस म्हणून आपण सांगतो, आणि ते खरंच आहे.

पण तोफेनं माणसाचं काय होतं याचा खरा अंदाज घ्यायचा तर जमीन सोडून पाण्यावर जावं लागतं. सीताबर्डीच्या बारा वर्षं आधी, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गरची लढाई झाली. तिच्यात इंग्रजांचं ‘व्हिक्टरी’ नावाचं लाकडी जहाज होतं. तोफखान्याच्या मजल्यावर त्याची लांबी सुमारे ५७ मीटर आणि रुंदी सोळा मीटरांहून थोडी कमी. एवढ्या जागेत एकावर एक असे मजले रचून १०४ तोफा बसवल्या होत्या. भोसल्यांच्या त्या दिवशीच्या तोफखान्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि जहाजावर माणसं ८२१. शिवाय भोसल्यांच्या तोफा बैलांनी ओढून मैदानात न्यायच्या असल्यामुळे वजनाच्या मर्यादेतल्या होत्या. व्हिक्टरीच्या सर्वांत खालच्या तोफमजल्यावर ३२ पौंडी, म्हणजे साडेचौदा किलोचा गोळा फेकणाऱ्या ३० तोफा होत्या. त्यातल्या एकेकीचं वजन पावणेतीन टनांच्या आसपास. त्या एका मजल्यावरच ऐंशी टनांहून जास्त लोखंड.

अशी लहानमोठी साठ जहाजं त्या दिवशी समोरासमोर आली: इंग्रजांची २७, फ्रेंच-स्पॅनिशांची ३३. तोफा साडेचार हजारांच्या वर. दहा वर्षांनी वॉटर्लूच्या मैदानात नेपोलियन, इंग्रज आणि प्रशियन अशा तिघांच्या मिळून सहाशेही तोफा नव्हत्या.

व्हिक्टरीच्या शेजारी येऊन भिडलेलं फ्रेंच जहाज होतं ‘रेडुटेबल’. त्याचा कप्तान लुकास यानं नंतर अहवालात आकडे दिले. जहाजावर ६४३ माणसं. त्यांतली ३०० मेली, २२२ जखमी झाली. सीताबर्डीवर चारांतला एक पडला. रेडुटेबलवर पाचांतले चार पडले, आणि तेही काही तासांत.

एवढा फरक का पडावा? तोफेचं तत्त्व तेच, दारू तीच, माणसाचं अंगही तेच. माझ्या मते उत्तर दाटीत आहे. किती लोखंड, किती दारू आणि किती माणसं किती चौरस मीटरांत कोंबली, हा लाकडी युद्धनौकेवरचा पहिला प्रश्न. शौर्य, शिस्त, कप्तानाची बुद्धी हे सगळं त्याच्या नंतर येतं. जमिनीवरच्या शिपायाला निदान मागे सरकायला जागा असते. इथे मागे भिंत, आणि भिंतीपलीकडे पाणी.

भिंतीचंच आधी बघू. पाण्याच्या रेषेजवळ व्हिक्टरीच्या ओकच्या लाकडाची भिंत जवळजवळ दोन फूट जाड होती. तोफेतून गोळा सुटताना त्याचा वेग सेकंदाला चारशे मीटरांच्या पुढे असे. नऊ पौंडी गोळा, म्हणजे चार किलोचा, त्या काळी जहाजांवर लहानच मानला जाई. पण या वेगानं निघालेल्या त्या चार किलोंत जेवढी ऊर्जा असते, तेवढी समृद्धी महामार्गावरून ताशी नव्वद किलोमीटरनं जाणाऱ्या एक टनाच्या मोटारीत असते. ती सगळी ऊर्जा दहा सेंटिमीटर व्यासाच्या जागेवर एकवटते. ३२ पौंडी गोळ्यात ती याच्या साडेतीन पट. जवळून सुटला तर तो दोन फुटी ओकमधून आरपार जाई.

आणि नाविकाला मारणारी मुख्य गोष्ट गोळा नव्हतीच. गोळा बाहेरून आत शिरताना बाहेरच्या बाजूला लहानसं भोक पडतं. आतल्या बाजूला मात्र लाकूड फुटून उधळतं. काही इंचांपासून काही फुटांपर्यंत लांब, सुरीसारख्या धारेच्या ढलप्या मजल्यावर सगळीकडे सुटतात. जहाजावरच्या जखमींत अशा ढलप्यांनी फाडलेल्यांचा वाटा फार मोठा असे. याहून क्रूर गोष्ट अशी की हे गोलंदाजांना पक्कं माहीत होतं. वेगवान गोळा स्वच्छ भोक पाडून निघून जातो, मंद गोळा लाकूड जास्त फोडतो. म्हणून जहाजं अगदी जवळ आली की तोफेत दारू मुद्दाम कमी भरायची, किंवा एकावर एक दोन गोळे घालायचे, म्हणजे वेग उतरतो आणि आत ढलप्यांचा पाऊस पडतो. शत्रूच्या अंगात शिरणारं हत्यार त्याच्याच जहाजाच्या लाकडातून घडवायचं, हा त्यामागचा हिशेब होता.

व्हिक्टरीच्या एका बाजूच्या तोफा एकदम सुटल्या की सुमारे अर्धा टन लोखंड बाहेर पडे. तरबेज गोलंदाज दर दीड मिनिटाला एक बार काढत. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत तीन टन लोखंड, एका जहाजातून, एका बाजूनं. हा वेग फार वेळ टिकत नसे, कारण दर बाराला पावणेतीन टनांची तोफ मागे उसळून येई आणि डझनभर माणसांना ती पुन्हा दोरखंडांनी ओढून छिद्राशी न्यावी लागे. तोफेला बांधलेला दोर तुटला तर ती मजल्यावर मोकाट फिरत असे. डोक्यावर जेमतेम माणूस उभा राहील एवढी उंची, धुरात हातभर पलीकडचं दिसत नाही, आणि कान तर पहिल्या काही बारांनंतर निकामीच. लढाईआधी मजल्यावर वाळू पसरत, रक्तावरून पाय घसरू नये म्हणून.

वारा मंद असल्यामुळे ट्रफाल्गरला व्हिक्टरी पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीनं शत्रूकडे सरकत होती. तिची स्वतःची तोफ पहिल्यांदा सुटण्याआधीच तिच्यावर वीस जण मेले होते आणि तीस जखमी झाले होते. मग ती ‘ब्युसेंटॉर’ या फ्रेंच जहाजाच्या पिछाडीला गेली. जहाजाच्या पाठीला भिंत नसते, कप्तानाच्या खोलीच्या काचेच्या खिडक्या असतात. तिथून आत गेलेला गोळा अडायला काहीच नाही. तो पिछाडीपासून नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, जहाजाच्या पूर्ण लांबीतून जातो. व्हिक्टरीवर आखूड नळीच्या दोन ६८ पौंडी तोफा होत्या. त्यातल्या एकीत एक मोठा गोळा आणि त्यावर बंदुकीच्या ५०० गोळ्यांचं पिंप, एवढं भरून ते त्या खिडक्यांतून आत सोडलं. पिछाडीची ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या दर्यावर्द्यांनी ती फार आधी ओळखली होती.

आता दारू. व्हिक्टरीच्या कोठारात सुमारे ३५ टन दारू मावत असे. नुसत्या ऊर्जेच्या हिशेबानं ती आजच्या पंचवीस टन टीएनटीच्या आसपास भरते, आणि हे सगळं डांबर, सुतळी, कापडाची शिडं आणि सुकं लाकूड यांच्या पोटात. कोठारात जाणाऱ्यांनी लोखंड अंगावर ठेवायचं नाही, पायात मऊ जोडे घालायचे, दारावर भिजवलेली घोंगडी टांगायची, दिवा पलीकडच्या खोलीत काचेआड. तिथून तोफेपर्यंत दारूच्या पिशव्या पळवत नेण्याचं काम बहुतेकदा मुलांकडे असे. ट्रफाल्गरला व्हिक्टरीवरचा सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. हा आकडा मला बाकी सगळ्या टनांपेक्षा जड वाटतो.

कोठारापर्यंत आग पोचली की काय होतं ते १ ऑगस्ट १७९८च्या रात्री नाईलच्या मुखाशी दिसलं. १२० तोफांचं फ्रेंच जहाज ‘लोरियाँ’ उडालं. वर हजारभर माणसं होती; वाचलेल्यांची संख्या बहुतेक इतिहासकार शंभरच्या आतच धरतात. तो स्फोट एवढा मोठा होता की दोन्ही बाजूंच्या तोफा काही मिनिटं आपोआप थांबल्या.

नागपूरकरांना हा विषय परका वाटेल, पण १७५१ ते १८०३ या काळात नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याला समुद्रकिनारा होता. बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं ओडिशा सोडल्यापासून देवगावच्या तहापर्यंत बालासोरचं बंदर भोसल्यांच्या मुलखात मोडत होतं. तिथे त्यांनी लढाऊ आरमार मात्र उभं केलं नाही. मराठ्यांचं आरमार कोकणात वाढलं, आणि दाटीच्या या गणिताला त्यानं दिलेलं उत्तर युरोपच्या अगदी उलट होतं.

रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या इतिहासकारानं आंग्र्यांच्या आरमाराचं बारकाईनं वर्णन केलं आहे. त्यातलं मोठं जहाज म्हणजे गुराब: दोन डोलकाठ्यांची, फार तर दीडशे टनांची. तीन डोलकाठ्यांची असली तर तीनशेच्या आसपास. व्हिक्टरीच्या मानानं अगदीच किरकोळ. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. पण पुढे, निमुळत्या नाळेच्या वर, नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा थेट समोर रोखलेल्या. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांच्या पुढे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, ताशी चार मैल जाणारं. ताशी चार मैल म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी खिळतं, आणि तेव्हा चार मैल हा समुद्रावरचा सर्वांत मोठा वेग असतो. वाराच नसला तर गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत.

आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं असा ताफा निघे. सावज गाठलं की ती सगळी त्याच्या पिछाडीला जात. मोठ्या जहाजाच्या बाजूला वीस-पंचवीस तोफा असोत, मागे तोंड केलेल्या दोन-चारच असत. आठ गुराबांच्या नाळेवरच्या सोळा तोफा एका वेळी त्या दोन-चारांवर चालत. नेम डोलकाठ्यांवर आणि दोरखंडांवर. जहाज लंगडं झालं की चहूबाजूंनी गलबतं भिडत. एकेका गलबतात दोनशे-तीनशे माणसं तलवार घेऊन उभी, आणि सगळी एकाच क्षणी वर चढत. १७३५ साली संभाजी आंग्र्यांनी कंपनीचं ‘डर्बी’ हे भरलेलं जहाज याच रीतीनं घेतलं. १७५४मध्ये तुळाजी आंग्र्यांनी ५०, ३६ आणि १८ तोफांची तीन डच जहाजं गाठली. दोन मोठी जाळली, तिसरं पकडलं. ५०, ३६ आणि १८ यांची बेरीज १०४. व्हिक्टरीवर होत्या तेवढ्याच तोफा, फक्त तीन जहाजांत वाटलेल्या.

या रीतीची किंमत कोण मोजत होतं तेही सांगायला हवं. गलबताला दोन फुटी भिंत नव्हती. वल्ही मारणारा खलाशी आणि तोफेचा गोळा यांच्यामध्ये इंच-दोन इंच फळी, बहुतेकदा तीही नाही. सत्तर टनांच्या होडीत अडीचशे माणसं उभी असताना तिच्यावर छऱ्यांचा एक बार बसला तर काय होत असेल? १८ ऑक्टोबर १६७९ रोजी खांदेरीजवळ ते घडलं. बेट बांधून काढायला शिवाजी महाराजांचे मायनाक भंडारी ठाण मांडून होते आणि मुंबईच्या इंग्रजांनी वेढा दिला होता. नागावकडून दौलतखानाचा ताफा पहाटे एवढ्या वेगानं आला की इंग्रजांच्या आठ जहाजांना नांगर उचलायलाही वेळ पुरला नाही. अर्ध्या तासात ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती पडलं, बाकीची पांगली. एकटं ‘रिव्हेंज’ उरलं. त्यावरच्या मिंचिन आणि केग्विननी गलबतं अगदी जवळ येऊ दिली, मग तोफांचा आणि बंदुकांचा मारा केला. पाच गलबतं बुडाली. त्यांतल्या माणसांची नावं कोणत्याही दप्तरात वाचायला मिळत नाहीत. ट्रफाल्गरला लढलेल्या एकेका इंग्रज खलाशाचं नाव, वय, गाव हजेरीपटावर सापडतं. आपल्या भंडारी, कोळी, गाबीत तांडेलांची साधी मोजदादही नाही. मोठमोठे आकडे लिहिताना ही पोकळी सतत टोचते. खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली.

हलकेपणा हेच ज्या आरमाराचं बळ, ते एका ठिकाणी बांधून ठेवलं तर काय होतं, याचं उत्तर तुळाजींच्या विजयदुर्गानं दिलं. फेब्रुवारी १७५६मध्ये ॲडमिरल वॉटसन चार मोठी युद्धजहाजं घेऊन तिथे आला: केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी. या चौघांवरच सव्वादोनशेच्या वर तोफा, शिवाय कंपनीची जहाजं आणि उखळी तोफा लादलेल्या नावा. जमिनीवरून पेशव्यांची फौज. नानासाहेब पेशव्यांनी स्वतःच्या सरखेलाविरुद्ध, म्हणजे आरमारप्रमुखाविरुद्ध, इंग्रजांचं आरमार बोलावलं, हे मला आजही खटकतं; तुळाजींचा उपद्रव कितीही खरा असला तरी.

आदल्या वर्षी सुवर्णदुर्गाला कमोडोर जेम्सनं दाखवून दिलंच होतं की एका बाँबनं छप्पर पेटलं आणि आग दारूच्या कोठाराला लागली की किल्ला उरत नाही. विजयदुर्गात तर गुराबा किल्ल्याच्या आश्रयाला, किनाऱ्यालगत, एकमेकींना दोरांनी बांधून उभ्या होत्या. १२ फेब्रुवारीला दुपारी मारा सुरू झाला. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला एक बाँब ‘रेस्टोरेशन’वर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेलं. ते पेटलं, त्याच्यावरून शेजारची गुराब, तिच्यावरून पुढची. डांबर, काथ्या, तेल प्यालेलं सागवान. उरलेल्या गुराबा, गलबतं, गोदीत बांधायला काढलेली जहाजंसुद्धा गेली. पन्नासहून जास्त वर्षांत उभं राहिलेलं आरमार एका संध्याकाळी संपलं. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून विसांच्या आसपास. खुल्या समुद्रात याच गुराबा पांगलेल्या असत्या तर एका बाँबनं एकच जळाली असती. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत अडकले होते. १७८६मध्ये मरण येईपर्यंत ते कैदेतच राहिले.

विजयदुर्गावर वॉटसनचं निशाण असलेलं केंट जहाज तेरा महिन्यांनी बंगालमध्ये चंदननगरच्या फ्रेंच किल्ल्यासमोर उभं होतं. तिथे पाण्याच्या अरुंद पट्ट्यात ते स्वतःच दाटीत सापडलं. २३ मार्च १७५७ रोजी एकाच गोळ्यानं कप्तान हेन्री स्पीकचा पाय जखमी केला आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या त्याच्या मुलाची मांडी नेली. मुलगा विशीही न गाठलेला. जहाजाचा वैद्य एडवर्ड आईव्ह्ज यानं लिहून ठेवलं आहे की मुलगा आधी बापाकडे बघायला सांगत होता. वैद्य पाण्याच्या रेषेखालच्या मजल्यावर, कंदिलाच्या उजेडात काम करत असत. भूल देण्याची सोय यायला अजून जवळजवळ नव्वद वर्षं होती. पाय कापावा लागला. काही दिवसांनी तो मुलगा गेला. कोलकात्यात त्याची कबर आहे.

एवढं सगळं मोजल्यावर जो आकडा समोर येतो तो या साऱ्याला मागे टाकतो. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात इंग्लंडच्या आरमारात सुमारे १,८५,००० माणसं भरती झाली. लढाईत मेली १,५१२. रोगानं मेलेली आणि पत्ता न लागलेली मिळून १,३३,७०८. पळून गेलेले यात बरेच असणार हे धरूनही प्रमाण अंगावर येतं: तोफेनं एक, तर बाकीच्या कारणांनी अठ्ठ्याऐंशी. त्याचं कारणही पुन्हा दाटीच. नियमानं एका खलाशाच्या झोळीला १४ इंच रुंदीची जागा. शेजारच्याचा श्वास, ढेकूण, ताप सगळं सामाईक. महिनोन्‌महिने भाजी नाही, फळ नाही, म्हणून हिरड्या सुजून दात गळायचे. विजयदुर्ग जिंकणारा वॉटसन तोफेच्या गोळ्यानं मेला नाही. १६ ऑगस्ट १७५७ रोजी, विजयदुर्गानंतर अवघ्या दीड वर्षात, कोलकात्याला तापानं तो गेला. वय ४३.

गलबतावरचा खलाशी बहुतेक रात्री खाडीत परत येऊन किनाऱ्यावर झोपत असे. आषाढ-श्रावणात गलबतं वर ओढून शाकारलेली असत आणि माणसं आपापल्या शेतात. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यावर. त्याला खोल समुद्र ओलांडून जाता आलं नाही, आणि ज्यांना जाता आलं त्यांनी अखेर किनारा घेतला, हे खरंच आहे. पण ताजा भात, ताजी मासळी आणि झोपायला चौदा इंचांहून जास्त जागा एवढं तरी त्याच्या वाट्याला येत होतं.